आबेनामारचा ओरखडा

विल्बर्त पोमुच गावच्या दफनभूमीत पोचला तेव्हा घरच्यांच्या हाडांच्या पेट्या केव्हाच बाहेर काढून झाल्या होत्या. ओब्दुलियाआत्याने आजीला मांडीवर घेतलं होतं, म्हणजे आजीच्या कवटीला, आणि मऊ ब्रशने ती डोळ्यांच्या खाचांमधली वर्षभराची धूळ काढत होती.

"बघ गं आई," ती कवटीला म्हणाली, "मेरिदाचे साहेब आले. तीन वर्षांनी वाट सापडली तुझ्या नातवाला."

आजीने उत्तर दिलं नाही. जिवंतपणीही ती आत्याच्या बोलण्याला फारशी उत्तरं देत नसे.

"बस रे बाबा," विल्बर्तची आई म्हणाली. एल्सीच्या बोलण्यात कधी टोमणा नसायचा, आणि त्यामुळेच विल्बर्तला तिची जास्त भीती वाटायची. तिने कोनाड्यासमोरच्या पायरीवर सरकून त्याला जागा करून दिली. तिच्या एका बाजूला लँडी, विल्बर्तची धाकटी बहीण, आजोबांची लांब हाडं फडक्याने पुसत होती. आईच्या मांडीवर बाबांची पेटी होती. झाकण उघडं, आत काही नाही. शेजारी यंदाचं नवं कापड घडी करून ठेवलं होतं, त्यावर आईने वर्षभर बसून निळ्या दोऱ्याने मासे भरले होते.

ऑक्टोबर संपत आला की सगळं गाव असं आपापल्या माणसांना मांडीवर घेऊन बसतं. मृतांचे दिवस यायच्या आत त्यांना स्वच्छ करायचं, जुनं कापड काढून नवं घालायचं, पेटी परत कोनाड्यात ठेवायची, आणि झाकण थोडं उघडं सोडायचं, म्हणजे त्यांना उजेड मिळतो. पाणी लावायचं नाही. ब्रश आणि कोरडं फडकं, बस. जो आपल्यांना पुसत नाही त्याला पुढे कोण पुसणार, असं इथल्या बायका पोरांना लहानपणापासून ऐकवतात, आणि मेरिदा शहरात राहून तीन वर्षं न आलेल्या विल्बर्तच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून होतं.

त्यांच्या घराची एकच गोष्ट वेगळी होती. बाबांच्या पेटीत हाडं नव्हती, घड्याळ होतं.

बाबा, म्हणजे आबेनामार, समुद्रकाठच्या कार्मेनला, समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर पाणबुड्या होता. समुद्राखालचे पाइप जोडायचं काम. कोरड्या गावातला मुलगा, ज्याने सोळाव्या वर्षापर्यंत विहिरीपेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं, तो खोल पाण्यातला माणूस झाला. खोल पाण्यातलं पहिलं वर्ष निभावलं की तिथले पाणबुडे स्वतःला एक भारी स्विस घड्याळ घेत. ती त्यांची रीत होती. आबेनामारनेही घेतलं आणि मागे नाव कोरून घेतलं. मग एका हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि पाणबुड्यांना किनाऱ्यावर आणणारी बोट उलटली. बाकीचे सापडले, काही जिवंत, काही मेलेले. आबेनामार सापडला नाही. दोन-अडीच महिन्यांनी एका कोळंबीवाल्याच्या जाळ्यात गाळाबरोबर त्याचं घड्याळ वर आलं. नाव होतं म्हणून घरी पोचलं.

"आणलंस ना?" आईने विचारलं. "लँडीबरोबर तुझ्याकडे पाठवून दोन महिने झाले. पट्ट्याची पिन बसवायला काय एवढे दिवस लागतात?"

"पिन बसवली. अजूनही थोडं काम केलं." विल्बर्तने खिशातून डबी काढली. सकाळपासून तो हा क्षण मनात घोळवत होता. मेरिदाहून येताना बसमध्ये त्याने ती डबी दोनदा उघडून पाहिली होती आणि दोन्ही वेळा त्याला बरं वाटलं होतं. इतरांची माणसं दरवर्षी पांढरीशुभ्र होऊन कोनाड्यात परत जायची आणि आपले बाबा तसेच, मळके, खरचटलेले, काच आंधळी झालेले. लहानपणी त्याला या एका पेटीची लाज वाटायची. आता वाटणार नव्हती.

आईने डबी उघडली.

घड्याळ झळझळत होतं. काच नवी, काचेभोवतीचं फिरतं कडं नवं, पोलादी अंग आरशासारखं. काटे चालू होते.

"अगं बाई," लँडी म्हणाली, "दुकानातून आत्ता आणल्यासारखं."

आईने घड्याळ उचललं, उलटं केलं, नाव वाचलं. पुन्हा सुलटं केलं. तिचा अंगठा कड्यावरून निघाला आणि अंगाच्या कडेने खाली पट्ट्यापर्यंत आला. मग परत वर गेला. तिने घड्याळ फिरवून दुसऱ्या बाजूनेही तसंच केलं, चष्मा कपाळावर सारला आणि ते डोळ्यांपाशी नेलं.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

"बाबांचं, आई. मागे नाव आहे की."

"नाव बघितलं मी. ओरखडा कुठाय?"

"काढला," विल्बर्त म्हणाला. त्याचा आवाज अजून आनंदीच होता, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्या आवाजाचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची होती. "सगळेच काढले. खळगेसुद्धा. घड्याळवाल्याकडे मशीन आहे, घासून घासून सगळं सपाट करतो. तो म्हणाला, साहेब, हे कधी पाण्यात गेलं होतं असं कोणी म्हणणार नाही."

आत्याचा ब्रश थांबला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, म्हणजे या घरात तो ओरखडा काय होता ते कळेल. बोटीवरून वाचलेल्या एकाने कार्मेनच्या दारूच्या अड्ड्यावर सांगितलं होतं की आबेनामारच्या हातात वाचवायला टाकलेला दोर होता आणि त्याने तो सोडला. निसटला नाही, सोडला. ते वाक्य कार्मेनहून पोमुचला यायला आठवडासुद्धा लागला नाही. आणि दरवर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, याच पायरीवर ओब्दुलियाआत्या ते वाक्य बाहेर काढायची. ज्याला परत यायचंच नव्हतं त्याला पेटी कशाला, कोमाद्रे? लँडीच्या बारशाला आत्या तिची धर्ममाता झाली तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, भांडतानाही. मग आई घड्याळ काढायची आणि आत्याचं बोट धरून त्या लांब, खोल ओरखड्यावरून फिरवायची. कड्यावर सुरू होऊन अंगावरून पट्ट्याच्या मुळापर्यंत गेलेला. हे बघा, म्हणायची. दोराला लोखंडी आकडा असतो. सोडणाऱ्याच्या मनगटावर असं होत नाही. धरून ठेवणाऱ्याला ओढून नेलं की होतं. आत्या नाक मुरडायची, "तू म्हणशील तसं," म्हणायची, आणि वर्षभरासाठी विषय मिटायचा.

विल्बर्तने हे भांडण लहानपणापासून ऐकलं होतं. त्याला ते नकोसं झालं होतं. ओरखडाच राहिला नाही तर दोघी भांडतील कशावरून, असा त्याचा साधा हिशोब होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"बोला ना," आई शेवटी म्हणाली. ती विल्बर्तकडे बघत नव्हती, आत्याकडेही नाही. घड्याळ तिच्या तळव्यावर होतं आणि अंगठा त्याच्या गुळगुळीत अंगावर फिरत होता. "कोणीच काही बोलत नाही. बरं, मी बोलते. इथे खळगा होता. तू झालास त्या दिवशी दवाखान्याच्या दारावर हात आपटला त्याने, नर्स आत सोडत नव्हती म्हणून. इथे बारीक रेघा होत्या, जाळीसारख्या. त्या फलाटाच्या शिडीच्या. इथे, कड्यावर, लँडीने दात लावले होते."

"मी?" लँडी म्हणाली.

"तूच. आणि हा पहिला. इथे. नवं घेऊन आला त्याच आठवड्यात अंगणातल्या पाण्याच्या टाकीला घासलं. दोन दिवस जेवला नाही नीट. टूथपेस्ट लावून घासत बसायचा, मी म्हटलं, अरे, दात आलेत का घड्याळाला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि एके दिवशी म्हणाला, आता हे माझं झालं, एल्सी. नवं होतं तेव्हा दुकानाचं होतं." तिने श्वास घेतला. "मला सगळे माहीत होते. प्रत्येक कुठला ते. तो एकच मला माहीत नव्हता. तो त्याच्या शेवटच्या तासातला होता. बाकी त्या तासातलं माझ्याकडे काय आहे?"

विल्बर्तने फोन काढला. "मी त्या माणसाला फोन करतो," तो म्हणाला.

"करून?"

"विचारतो काही करता येईल का."

"घासलेलं पोलाद भुकटी होऊन झाडूने गेलं, बाळा. कुठल्या कचऱ्यात शोधणार?"

"फोटो असेल," लँडी एकदम म्हणाली. "त्याने आधीचा फोटो काढला असेल ना? असे लोक काढतात."

फोटो होता. विल्बर्तने तो फोनवर शोधून काढला आणि चौघांनी डोकी जवळ आणून पाहिला. वरून काढलेला, काचेवर दुकानातल्या दिव्याचा प्रकाश पडलेला. कड्याचा अर्धा भाग त्या प्रकाशात गेला होता आणि कड तर दिसतच नव्हती.

"मी म्हटलं होतं तुला," लँडी म्हणाली, "आईला विचार."

"तू म्हटलं होतंस? तू म्हणालीस आईला सांगू नको, अचानक देऊ, खूश होईल."

"पॉलिश म्हणाले होते मी. सपाट कर म्हणाले नव्हते."

"म्हणजे आता सगळं माझ्यावर."

"मग कोणावर? तीन वर्षं फिरकायचं नाही, आणि आलास तो हे करून."

"भांडू नका," आई म्हणाली. "भांडायचं काम आमचं होतं."

विल्बर्तने आत्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ती बोलणार. इतकी वर्षं जिच्या तोंडाला त्या ओरखड्याने कुलूप लावलं होतं तिचा आज दिवस होता. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं की बघ, आता काय दाखवशील, आणि त्यावर आईकडे काहीच नव्हतं. तो मनातल्या मनात आत्याला विनवत होता की आज नको, निदान आज नको.

आत्याने आजीची कवटी उचलून पेटीत ठेवली. खाली काहीच नसताना. आधी लांब हाडं, मग बरगड्या, कवटी सगळ्यात वर, हे तिने स्वतःच सगळ्या घराला शिकवलेलं. तिच्या ते लक्षात आलं नाही.

"मला वाटायचं तुला माहीत असेल," ती आईला म्हणाली.

"काय?"

"मी दरवर्षी का विचारते ते."

आईने कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"आमची आई गेली तेव्हा तो फलाटावर होता," आत्या म्हणाली. "पुरून झाल्यावर आला. दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला आत घेतलं नाही. सगळ्यांना माहीत आहे ते. पण काय बोलले ते कोणालाच माहीत नाही, तुलाही नाही. मी म्हटलं, जा, तुझी आई तो समुद्र आहे, आम्हाला तू मेलास. परत आलास तरी दार उघडणार नाही. काही बोलला नाही. गेला. त्याच खेपेला बोट उलटली." तिने हातातला ब्रश हिपिलच्या, अंगातल्या सैल झग्याच्या, घोळाला पुसला, जणू तो ओला होता. "मग गावात ते आलं, दोर सोडला म्हणून. मला झोप लागेना. कोणाला विचारू? मी दरवर्षी तुझ्याशी भांडायचे, कारण मग तू चिडायचीस आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवायचीस. तेवढं पुरायचं मला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. त्याने धरलं होतं. मी तसं बोलले तरी धरलं होतं."

ती रडली नाही. आईने हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर ठेवला. एवढ्या वर्षांत या दोघींनी एकमेकींना आपण होऊन हात लावलेला विल्बर्तने पाहिला नव्हता, आणि हे त्याच्यामुळे झालं होतं, आणि त्यात त्याला जराही समाधान नव्हतं.

त्याला तिथे बसवेना. आईच्या दुसऱ्या हातातून त्याने घड्याळ काढून घेतलं. तिने घेऊ दिलं. तो मागच्या भिंतीकडे गेला, जिथे जुन्या फाटकाची लोखंडी बिजागरी भिंतीतून बाहेर आली होती. ओरखडा कुठे होता ते त्याला पक्कं आठवत होतं. लहानपणी कितीतरी वेळा त्याचं बोटही त्यावरून फिरलं होतं. त्याने घड्याळ मुठीत धरलं, कडं लोखंडाला टेकवलं आणि खाली ओढलं. नुसती केसाएवढी रेघ उठली. पोलाद एवढं कठीण असतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याने अंगाचा भार टाकून ओढलं, पुन्हा ओढलं. बोटांची सालं निघाली. एकेका ओढीबरोबर त्याच्या मनात येत होतं की समुद्रात केवढा जोर लागला असेल, आणि तो जोर मनगटावर घेताना माणसाला काय झालं असेल. हा विचार इतक्या वर्षांत त्याने कधी केला नव्हता. शेवटी ओरखडा झाला. लांब, खोल, कड्यापासून पट्ट्यापर्यंत.

तो परत आला आणि त्याने घड्याळ पुढे केलं.

आत्याने आधी घेतलं. तिचं बोट त्यावरून गेलं, खाली आणि पुन्हा वर. "आहे," ती म्हणाली. "इथेच होता. असाच होता. ठेव, एल्सी. ठेव त्याला आत, चालेल."

आईने ते तिच्याकडून घेतलं. अंगठ्याने एकदाच पाहिलं.

"विचारा," ती आत्याला म्हणाली.

"काय विचारू?"

"दरवर्षी विचारता ते. विचारा ना, कोमाद्रे. दोर कोणी सोडला म्हणून विचारा. मी हे दाखवते तुम्हाला."

आत्याने तोंड उघडलं. पलीकडच्या कोनाड्यापाशी कोणीतरी पावाची पिशवी उघडत होतं, ताज्या पावाचा वास आला. आत्याने तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

"हा कुठला ते मला माहीत आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि विल्बर्तला तो हवा होता, रागावली असती तर त्याला उभं राहता आलं असतं. "जुन्या फाटकाचा. आत्ताचा. हात दे इकडे."

त्याने हात पुढे केला. सालं निघालेल्या बोटांकडे तिने पाहिलं. तिने घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं आणि पट्टा लावला. नवी पिन घट्ट बसली.

"आई, मी नाही हे घालणार."

"घाल. तुझ्या हाताने झालाय तो. सुरुवातीला सारखं लक्ष जाईल, मग सवय होते." ती पेटीकडे वळली. "बाबांना झाली होती."

तिने मासे भरलेलं नवं कापड उलगडलं आणि रिकाम्या पेटीत अंथरलं. कोपरे नीट बसवले, कड बाहेर सोडली, मधली सुरकुती तळव्याने दोनदा सपाट केली. लँडी आता रडत होती. आत्याने आजीची कवटी पुन्हा बाहेर काढली आणि हाडं क्रमाने लावायला घेतली. मग दोघींनी मिळून आबेनामारची पेटी उचलून कोनाड्यात ठेवली आणि झाकण थोडं उघडं सोडलं. समोरून बघणाऱ्याला दरवर्षीसारखीच दिसत होती.

पलीकडची बाई आपली माणसं ठेवून निघाली होती, ती जाता जाता थांबली आणि वाकून बाहेर आलेली कड तिने बोटांनी पाहिली.

"किती नाजूक भरलंय यंदा, एल्सी. मासे तर जिवंत वाटतायत. आबेनामारला फार आवडलं असतं."

"कोण जाणे," आई म्हणाली. "मला आता त्याचं काही सांगता येणार नाही."